नगरच्या मंडळींतील लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाई टिळक हें नांव उच्चारलें कीं मराठी घरांत एकच गोष्ट आठवते, आणि ती म्हणजे ‘स्मृतिचित्रें’. तें आठवावें हें योग्यच आहे. मराठींत आत्मचरित्रें पुष्कळ झालीं. परंतु वाचतां वाचतां हंसूं यावें आणि हंसतां हंसतां डोळे केव्हां भरून आले हें कळूंहि नये, असें पुस्तक विरळा. या पुस्तकाच्या कीर्तीनें एक मात्र झालें. लिहिणारी बाई जगाला दिसली. आणि पुस्तक लिहिण्यापूर्वीं तीसपस्तीस वर्षें जी बाई माणसांसाठीं राबत होती, ती त्या पुस्तकाच्याच आड गेली. पुस्तकाचा चौथा भाग निघाला तें १९३६ सालीं. काम सुरू झालें होतें मागच्या शतकाच्या अखेरीस. आज स्मरण करावयाचें आहे तें या कामाचें.

ख्रिस्ती समाजांत ‘मंडळी’ या शब्दाला एक विशेष अर्थ आहे. एका देवळाशीं जोडलेले जे सर्व उपासक, त्यांची मिळून ती मंडळी. तिला एक पाळक असतो. त्याच्या साहाय्याला मंडळीनें निवडलेलीं कांहीं माणसें असतात. दानपेटीचा हिशेब असतो, सभांचीं इतिवृत्तें असतात, शब्बाथ शाळेचा हजेरीपट असतो. इतकें सारें कागदावर असतें. परंतु तापानें फणफणलेल्या पोराच्या उशाशीं रात्रीं कोण बसलें, परगांवाहून आलेल्या कुटुंबाला पहिली भाकरी कोणीं वाढली, ज्या घरांत मयत झाली त्या घरीं दुसऱ्या दिवशीं चूल कोणीं पेटविली, याची नोंद कोणत्याहि वहींत नसते. वास्तविक मंडळी उभी असते ती या नोंद नसलेल्या कामावर. हें ख्रिस्ती मंडळीचेंच आहे असें नाहीं. कोणत्याहि गांवच्या देवस्थानाचा किंवा वाचनालयाचा कारभार जवळून पाहावा, म्हणजे हेंच दिसेल.

नगरची मंडळी महाराष्ट्रांतील जुन्या मंडळ्यांपैकीं होय. अमेरिकन मराठी मिशनचें काम तेथें १८३१ सालीं सुरू झालें. ‘ज्ञानोदय’ हें पत्र १८४२ सालीं त्याच शहरांत निघालें. फॅरारबाईंची मुलींची शाळा तेथलीच. ती पाहून जोतीराव फुल्यांच्या मनांत मुलींना शिकविण्याचा विचार दृढ झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. या शहराला २०२४ पासून अहिल्यानगर असें नांव मिळालें. परंतु ज्या काळाची ही हकीकत, त्या काळीं सारे जण त्याला नुसतें ‘नगर’ म्हणत, आणि येथेंहि तसेंच म्हणावें हें बरें. या मंडळींत उच्चवर्णीय हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. बहुतेक लोक आले होते ते खेड्यापाड्यांतील महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. ज्यांना गांवच्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती, अशा घरांतून. लक्ष्मीबाई ज्या लोकांत येऊन पडल्या, ते हे लोक. त्या कोठून आल्या हें सांगितल्यावांचून या येण्याचें मोल कळणार नाहीं.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीकांठीं असलेल्या जलालपूरचा. माहेरचें आडनांव गोखले, आणि नांव मनकर्णिका. आईच्या वडिलांना सत्तावनच्या धामधुमींत फांशी झाली होती. त्या प्रसंगानंतर मनूच्या वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें. वेड हाच शब्द येथें लागू पडतो. केवळ कर्मठपणा म्हणून भागणार नाहीं. बाजारांतून आलेला प्रत्येक जिन्नस धुवून घ्यावयाचा; त्यांत मीठहि आलें आणि साखरहि आली! धुतलेलें मीठ किती उरे, हें विचारण्याची घरांत कोणाची छाती नव्हती. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारा या ठिकाणीं पोट धरून हंसतो, आणि लक्ष्मीबाईंचीहि इच्छा त्यानें हंसावें अशीच आहे. परंतु ज्या मुलीनें हें घर रोज सोसलें, तिच्या अंगीं काय मुरलें असेल? शिवाशिवीची भीति ही तिची केवळ समजूत नव्हती. ती तिच्या हातापायांत होती. परका माणूस जवळून गेला कीं अंग चोरावयाचें, पदर सांवरावयाचा, कोणाचा हात भांड्याला लागला कीं तें बाजूला ठेवावयाचें, हें विचार करून करावें लागत नाहीं. तें आपोआप होतें.

अकराव्या वर्षीं लग्न झालें. नवरा नारायण वामन टिळक; वयानें सहासात वर्षांनीं मोठे, बुद्धि प्रखर, मन कवीचें, आणि पाय एका जागीं न ठरणारा. हातांत आलेला पैसा पहिल्या गरजू माणसाला देऊन मोकळें व्हावें, आणि मग घरीं काय शिजणार याचा विचार देवावर सोंपवावा, हा त्यांचा क्रम. देवानें तो विचार बहुधा लक्ष्मीबाईंवर सोंपविला. शाळेचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून, आणि तीहि गुरूच्या लहरीप्रमाणें, तुकड्यातुकड्यांनीं.

१८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळीं दूर, माहेरच्या माणसांत. टिळकांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. आगगाडींत एका अनोळखी प्रवाशाकडून बायबल मिळाल्यापासून दोन वर्षें ते स्वतःशींच झगडत होते. तथापि या झगड्याचा शेवट ज्या रीतीनें पत्नीच्या कानीं पडला, ती रीत निर्दय होती असेंच म्हटलें पाहिजे. थोर माणसांच्या चरित्रांत अशा गोष्टी एका ओळींत उरकण्याची चाल आहे. ज्या बाईला सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या वयांत, चार वर्षांच्या मुलाला घेऊन, नवरा जिवंत असतां नवऱ्यावांचून राहावें लागलें, तिला ती ओळ पांच वर्षें पुरली. नाशिक झालें, कांहीं काळ पंढरपूर झालें. लोकांनीं कींव केली, लोकांनीं नांवें ठेवलीं. आणि या सबंध काळांत नवऱ्याचें प्रेम आटलें नाहीं, बायकोचेंहि आटलें नाहीं, ही या संसारांतील सर्वांत विलक्षण गोष्ट.

शेवटीं लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या. आल्या त्या धर्म बदलावयास नव्हे. चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी, अशा अटीवर आल्या. एका बाजूला ख्रिस्ती नवरा, एका बाजूला त्याच्या सांवलीपासून आपलें सोंवळें सांभाळणारी बायको, आणि दोहोंच्या मध्यें येजा करणारा लहानगा दत्तू. आजूबाजूच्या ख्रिस्ती बायका येत, दारांत उभ्या राहत, बोलत, आणि जात. या बायकांचे पूर्वज कोण, हें लक्ष्मीबाईंना पुरतें ठाऊक होतें.

या बाईला कोणीं उपदेशानें जिंकलें नाहीं. टिळकांनीं वाद पुष्कळ घातले असतील. परंतु वादानें लक्ष्मीबाई कधीं वांकल्याचें दिसत नाहीं. एकदां रात्रीं पडल्या पडल्या त्यांनीं स्वतःशींच विचार सुरू केला. जात देवानें केली कीं माणसानें? देवानें केली असती तर ती दिसण्यांत आली असती; पशुपक्ष्यांत दिसते तशी. माणसांत तर असा कांहींच भेद दिसत नाहीं. दिसतात ते पुरुष आणि स्त्री एवढेच. मग बाकीचें कोणाचें? हा विचार कोणत्याहि ग्रंथांतून घेतलेला नव्हता. स्वयंपाकघरांत जसा तांदूळ निवडावा तसा तो त्यांनीं निवडला, आणि खडे बाजूला केले. विचार पटला आणि दुसऱ्याच्या हातचें पाणी त्या प्यायल्या. जन्मभराची तटबंदी अशी एका घोटांत पडली. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर आली; १९०० सालीं राहुरीस त्यांनीं आणि दत्तूनें बाप्तिस्मा घेतला. आधीं माणूस, मग देव, हा त्यांचा क्रम होता. आणि पुढच्या त्यांच्या सर्व कामाला याच क्रमाची खूण आहे.

त्या सुमाराला नगर जिल्हा दुष्काळानें होरपळत होता. १८९९ सालीं पाऊस गेला, आणि १९०० सालचा उन्हाळा माणसें आणि गुरें सारखींच मारीत आला. लोक सरकारी कामावर खडी फोडावयास गेले; तेथून कित्येक परतले नाहींत. मागें राहिलेलीं पोरें रस्त्यावर आलीं. मिशनच्या ठाण्यांत अशीं शेंकडों मुलें गोळा झालीं. दुष्काळांतलीं मुलें सांभाळणें म्हणजे केवळ जेवूं घालणें नव्हे, हें ज्यांनीं पाहिलें त्यांनाच ठाऊक. उपाशी पोराला एकदम पोटभर भाकरी घातली तर तें दगावतें. आधीं पातळ पेज, थोडी थोडी, वेळेवर. मूल रडूं लागलें तरी हात आंखडता ठेवावयाचा. डोक्यांत उवा, अंगाला खरूज, पाय सुजलेले. आणि पोट भरूं लागल्यावरहि रात्रीं उशाखालीं भाकरीचा तुकडा लपवून ठेवण्याची त्यांची संवय लवकर जात नाहीं. पगारी माणसें नेमून हें काम पुरें होत नाहीं. त्याला घर लागतें.

टिळकांचें घर असें होतें. टिळक वाटेंत भेटलेलें मूल हाताला धरून आणीत, आणि लक्ष्मीबाई त्याला न्हाऊं घालीत. आणणाराचें नांव झालें यांत नवल नाहीं. परंतु आणणें हें क्षणाचें काम. न्हाऊं घालणें, जेवूं घालणें, रागावणें, आजारांत जागणें, लग्न होईपर्यंत सांभाळणें हें वर्षांचें काम. आणि न्हाऊं घालणारे हात कोणाचे? ज्या घरांत मीठ धुतलें जाई, त्या घरच्या मुलीचे. ज्यांची सांवलीहि अंगावर पडूं नये म्हणून ती शिकलेली होती, त्यांच्याच पोरांच्या डोक्यांतील खपल्या आतां ती भिजवून काढीत होती. हें करतांना त्यांना कांहीं वाटलें नसेल असें समजणें वेडेपणाचें होईल. विचार एका रात्रींत बदलतो, पण अंगवळणी पडलेली शिसारी इतक्या लवकर जात नाहीं. एकदां विचार ठरल्यावर हातांनीं कुरकुर केली तर हातांकडे लक्ष द्यावयाचें नाहीं, एवढें त्यांनीं ठरविलें असावें.

दुष्काळाच्या पाठोपाठ प्लेग. मुंबईंत हा रोग १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागांत दिसला आणि पुढच्या वर्षभरांत पुणें-नाशिकापर्यंत पोंचला. नगरासहि त्यानें फेऱ्यांवर फेऱ्या घातल्या. आज स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें आहेत, त्यामुळें प्लेग या शब्दांतील दहशत आजच्या पिढीला समजावून सांगावी लागते. त्या वेळीं औषध असें नव्हतेंच. कांखेंत किंवा जांघेंत गांठ यावी, ताप चढावा, जीभ अडखळावी, आणि चारपांच दिवसांत सारें संपावें; गांठ आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक जात. हाफकिन साहेबांनीं मुंबईंत लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत ती आधीं स्वतःला टोंचून घेतली होती, तरी टोंचून घेण्यास लोक भीत. उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवितात हें सिमों नांवाच्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखवून दिलें. परंतु तें सर्वमान्य होण्यास पुढें आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे रोग्याजवळ बसणाऱ्याला आपला शत्रु कोठून येणार, हेंहि ठाऊक नसे. हवेंतून येईल, श्वासांतून येईल, स्पर्शानें येईल, असें समजूनच तो बसे. घरचीं माणसें रोग्याला सोडून पळत, आणि त्यांना दोष देतां येत नसे.

गांवाबाहेर माळावर झोंपड्या घालीत. कुडाच्या भिंती, वर गवत. रोग ओसरला म्हणजे सारें जाळून टाकावयाचें. अशा छावणींत जाऊन रोग्यांची शुश्रूषा करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं पत्करलें. वैद्यकाचें शिक्षण त्यांना नव्हतें. छावणींतील शुश्रूषेला लागतें तें निराळेंच: गांठीवर पोटीस बांधावयाचें, तोंडांत चमच्यानें दूध सोडावयाचें, भ्रमांत उठून पळणाऱ्या रोग्याला धरून निजवावयाचें, अंथरूण बदलावयाचें, आणि मेलेल्याच्या शेजारीं पडलेल्या जिवंत माणसाशीं कांहीं झालेंच नाहीं अशा आवाजांत बोलत राहावयाचें. यांतलें शेवटचें काम सर्वांत अवघड. लक्ष्मीबाईंना तें साधलें असेल यांत शंका वाटत नाहीं. दुःखाच्या मध्यभागीं बसून हंसविण्याची त्यांची हातोटी पुढें साऱ्या महाराष्ट्राला पुस्तकांतून दिसली. ती अशाच ठिकाणीं तयार झाली.

त्याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां गेल्या. दोघींचे मार्ग निराळे, श्रद्धा निराळ्या. परंतु एक जन्मानें माळी आणि एक जन्मानें ब्राह्मण, अशा दोन मराठी बाया एकाच रोगाच्या छावणींत शिरल्या, ही गोष्ट त्या काळच्या राजकीय धामधुमीच्या वर्णनांत हरवून जाऊं नये. रँडच्या खुनाची तारीख शाळेंतल्या मुलाला पाठ येते. झोंपड्यांत कोण बसलें होतें हें त्याला कोणी सांगत नाहीं.

प्लेग आणि दुष्काळ हे तरी प्रसंग झाले. रोजचें काम याहून साधें, आणि म्हणूनच अधिक विसरलें गेलेलें. टिळक नगरास धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत शिकवीत, भजनें रचीत, पुढें ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग पाहत. त्यांच्यापूर्वीं देवळांत गाइलीं जाणारीं गीतें बव्हंशीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरें असत. खेड्यांतली बाई तीं तोंडानें म्हणे, पण तीं तिच्या गळ्यांतलीं नव्हतीं. टिळकांनीं अभंग-ओंवीचें वळण आणलें आणि मंडळी आपल्या आवाजांत गाऊं लागली. घरीं येणाराजाणारांचा राबता अखंड. विद्यार्थी येत, खेड्यांतले उपदेशक येत, वादविवादासाठीं पुण्या-नाशिकचे विद्वान येत, कवि येत, नोकरी शोधणारे येत, आणि केवळ जेवणाच्या वेळीं येणारेहि येत. टिळकांचा पगार या पंगतीला कधींच पुरला नाहीं. आमटींत पाणी किती घालावें, म्हणजे पाहुण्याला कळणार नाहीं, याचें शास्त्र ज्या गृहिणींना ठाऊक आहे त्यांना या घराची अधिक कल्पना यावी.

या पंगतींत जातीची चौकशी नव्हती तशी धर्माचीहि नव्हती. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें, तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे नांवाच्या सोळासतरा वर्षांच्या मुलानें कविता म्हटली. तोच पुढचा बालकवि. टिळकांनीं त्याला नगरास आपल्या घरीं आणलें. मुलगा हट्टी, लाडका, क्षणांत रुसणारा. लक्ष्मीबाईंनीं त्याला दत्तूबरोबरीनें वाढविलें. तो हिंदु होता आणि हिंदूच राहिला. त्याला ख्रिस्ती करावें असा विचार या बाईंनीं केल्याची खूण नाहीं. १९१८ च्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून बालकवि गेले, तेव्हां त्यांना अजून अठ्ठाविसावें वर्ष पुरें झालें नव्हतें. ‘स्मृतिचित्रां’त त्याच्याविषयीं जें लिहिलें आहे तें मुलगा गेलेल्या आईनें लिहावें तसें आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं आणखी एक उडी घेतली. मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वांचें तें बंधुमंडळ, मुक्काम साताऱ्यास. परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी भारतीयांना आपली वाटणार नाहीं, हें टिळकांचें म्हणणें दूरदृष्टीचें होतें आणि त्याचा आदर झालाच पाहिजे. पण पगार सोडल्याची बातमी वर्तमानपत्राला निराळी आणि पिठाच्या डब्याला निराळी. लक्ष्मीबाई त्या वेळीं पन्नाशीला आल्या होत्या. संन्यास नवऱ्यानें घ्यावयाचा आणि त्या संन्यासाचा संसार बायकोनें चालवावयाचा, हा आपल्या देशांतील जुना प्रघात. तो धर्म बदलल्यानें बदलला नाहीं. टिळकांच्या चरित्रकारांनीं या त्यागाचा हिशेब मांडतांना दोन नांवें लिहावयास हवीं होतीं.

दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजीं, टिळक मुंबईस वारले. त्यांच्या कागदांत ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. ख्रिस्ताचें चरित्र ओंवींत गावें, मराठी माणसाला तें रामायण-हरिविजयासारखें आपलें वाटावें, हा त्यांचा मोठा संकल्प. परंतु पहिले दहाअकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. हें काम पुरें करण्यास विद्वान पाळक होते, ग्रीक-हिब्रू जाणणारे पंडित होते. पुरें केलें तें शाळा न पाहिलेल्या बाईनें. लक्ष्मीबाईंनीं चौसष्ट अध्याय रचले. ओंवी त्यांना कोणाकडून शिकावी लागली नाहीं. ती जात्यावर, पोथ्या ऐकतांना, लहानपणापासून कानांत बसलेली होती. पूर्वींच्या घरानें दिलेलें जें त्यांनीं टाकलें नाहीं, त्यांत ही ओंवी पहिली. सोंवळें टाकलें, ओंवी ठेवली. आणि जी मंडळी पूर्वीं देवळाच्या पायरीबाहेर उभी राहून पोथी ऐके, किंवा तीहि ऐकूं शकत नसे, तिच्यासाठीं त्याच ओंवींत पोथी लिहून ठेवली. एवढें काम करूनहि मंडळीच्या कोणत्याहि पदावर त्यांचें नांव आठवत नाहीं. त्या काळांत बाईला पाळक होतां येत नसे, आणि त्यांना त्याची खंतहि नसावी.

या सर्वानंतर ‘स्मृतिचित्रें’. मुलगा देवदत्त मागें लागला कीं आई, आठवणी लिही. आरंभीं हेतु होता तो टिळकांच्या चरित्राला साधनें मिळावीं एवढाच. ‘संजीवनी’ या नियतकालिकांतून एकेक आठवण येऊं लागली. मग १९३४ ते १९३६ या काळांत चार भाग पुस्तकरूपानें निघाले. वाचकांना आश्चर्य वाटलें कीं इतकें साधें मराठी या बाईनें कोठून आणलें. तें कोठूनहि आणलेलें नव्हतें. ज्या आवाजांत त्यांनीं छावणींतल्या रोग्याशीं बोलणें केलें, अनाथ पोराला रागें भरलें, दारांत उभ्या राहिलेल्या बाईला आंत ये म्हटलें, त्याच आवाजांत त्या लिहीत होत्या. पुस्तकांत स्वतःच्या फजितीचीं वर्णनें पानेंच्या पानें आहेत. आपण केलेल्या सेवेविषयीं मात्र त्या घाईनें, जातां जातां, आणि बहुधा थट्टेच्या सुरांत सांगतात. वाचक हंसत पुढें जातो, आणि एक सबंध आयुष्य दोन ओळींच्या मधून निसटून जातें. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें. तेव्हांपासून दूरदूरच्या देशांतील वाचकांनाहि तो उपलब्ध झाला आहे. त्यांतले किती जण या ओळींच्या मध्यें थांबतात, कोण जाणे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई नाशकास वारल्या. जन्मगांव जलालपूर तेथून अगदीं जवळ. ‘ख्रिस्तायन’ छापून झालें तें १९३८ सालीं, आणि त्यांच्या स्वतःच्या कवितांचा संग्रह ‘भरली घागर’ निघाला तो आणखी तेरा वर्षांनीं, १९५१ सालीं. दोन्ही पुस्तकें त्यांनीं छापलेलीं पाहिलीं नाहींत.